तिसऱ्या दिवसानंतर

होळी आठवड्यावर आली की कोल्हापुरात आवाहनं सुरू होतात: होळी लहान करा, शेणी म्हणजे गोवऱ्या दान करा. मंडळं, शाळा, पेठांमधली तरुण पोरं टेम्पो भरून शेणी पंचगंगा स्मशानभूमीत नेऊन देतात. महापालिका इथे अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि ही मोफत सोय टिकण्यात या दानाचा मोठा हात आहे. ऐन सणात, बोंबा मारत, येत्या वर्षात कुणाच्या तरी चितेला लागणारं इंधन गोळा करायचं. कुणाच्या ते ठाऊक नाही. देणाऱ्याच्या घरचंही कुणी असू शकतं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो क्षणभर गप्प होतो. इथल्या माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही.

मरणाशी इतकं सरळ वागणारं गाव मागे राहिलेल्यांशी मात्र तसं वागत नाही. निधनवार्तेच्या शेवटी ठरलेली ओळ असते: रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी नऊ वाजता. अलीकडे तिला अनेकदा शेपूट जोडलेलं असतं, की उत्तरकार्यही त्याच दिवशी. दहावा, बारावा, तेरावा सगळं तिसऱ्या दिवशी उरकतं. मुलगा पुण्याला कंपनीत, सून बँकेत, नातवाची परीक्षा, रजा नाही. शिवाय तेराव्याच्या जेवणावळीने कर्जात बुडालेली घरं साऱ्यांनी पाहिली आहेत. ज्या गावात १९११ साली सत्यशोधक समाजाची शाखा निघाली आणि भटजीवाचून विधी करण्याचं शिक्षण दिलं गेलं, तिथे विधी आखूड झाले याचं दुःख करण्यात अर्थ नाही. ते आखूड झाले हे चांगलंच झालं.

पण त्या तेरा दिवसांत फक्त पिंड आणि दक्षिणा नव्हती. घरात सतत कुणीतरी बसलेलं असायचं. चूल पेटायची नाही, शेजारचं कुणी पिठलं-भाकरीचा कडू घास आणायचं. कुणी बोलायचं, कुणी नुसतं भिंतीला टेकून बसायचं. विधी कापताना आपण हा वेळ आणि ही माणसंही कापून टाकली, आणि त्यांच्या जागी काहीच ठेवलं नाही. वेळ आणि माणसं परत आणायला हवीत, विधी न आणता. हे कुटुंबाचं खासगी काम आहे असं म्हणून भागणार नाही, कारण रजा देणं, दवाखान्यातून घरी नीट पाठवणं, स्मशानातून बाहेर पडणाऱ्याला पुढचं सांगणं ही सार्वजनिक कामं आहेत. आणि यातलं दवाखान्याचं काम तर मरणाच्या आधीच सुरू होतं.

"आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या, सेवा करा." कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या दवाखान्यांत हे वाक्य रोज उच्चारलं जातं. वाक्य वाईट नाही, खरं तर प्रामाणिक आहे. अडचण एवढीच की सेवा म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही. वर पुष्कळदा कागदावर "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत" अशी सही घेतली जाते, म्हणजे सल्लाही डॉक्टरांचा आणि जबाबदारी मात्र नातेवाइकांची. सही करण्याआधी डिस्चार्जच्या कागदावर आजाराचं नाव, तो कोणत्या टप्प्यावर आहे आणि घरी कोणती औषधं चालू ठेवायची हे लिहून मागावं. पुढे मृत्यूच्या दाखल्याला हाच कागद लागतो.

घरी आणल्यावर पहिली लढाई जेवणाची होते. माणूस खात नाही म्हणून घर अस्वस्थ होतं, चमच्याने पेज भरवली जाते, नाहीतर कुणीतरी "निदान सलाईन तरी लावा" म्हणतं. शेवटच्या काही दिवसांत शरीर अन्न मागतच नाही, आणि दिलेलं वापरूही शकत नाही. गिळण्याची ताकद गेल्यावर भरवलेलं अन्न श्वासनलिकेत उतरतं, आणि तेच न्यूमोनियाचं कारण होतं. सलाईनचं पाणी पायांवर सुजेच्या रूपात साठतं आणि छातीतला कफ वाढवतं. तो खात नाही म्हणून मरत नसतो. तो मरणाच्या वाटेवर आहे म्हणून खात नसतो. हे एकदा समजलं की घरातल्या बाईच्या मनातली "मी उपाशी मारलं" ही टोचणी बरीच कमी होते. ही टोचणी वर्षानुवर्षं राहते, म्हणून ती आधीच काढलेली बरी.

तुळशीचं पाणी किंवा गंगाजल तोंडात घालायचं तर तेही असंच. चमचा ओतू नये. कापसाचा बोळा भिजवून ओठांवर, जिभेवर फिरवावा. विधीही होतो आणि ठसकाही लागत नाही. दर दोन तासांनी तोंड ओलं करायचं, ओठांना व्हॅसलीन किंवा तूप लावायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड, टाचा आणि खुब्याची कातडी रोज पाहायची. लाल झालेला भाग चोळला तर कातडी फाटते. उशा देऊन तो भाग नुसता अधांतरी ठेवायचा.

मग घरघर लागते. या शब्दाचीच माणसांना धास्ती आहे. खरं तर गिळण्याची क्रिया थांबल्याने घशात साठलेल्या लाळेतून हवा जाताना होणारा तो आवाज आहे. बहुतेक वेळा तोवर रुग्णाची शुद्ध गेलेली असते आणि त्याला गुदमरल्याची जाणीव नसते. ऐकणाऱ्यालाच ते असह्य होतं. एका कुशीवर वळवलं आणि डोकं थोडं उंच केलं की आवाज बराच कमी होतो. लाळ कमी करणारी औषधंही असतात. नळी घालून कफ ओढल्याने मात्र फायद्यापेक्षा त्रास जास्त होतो. श्वासात अंतर पडायला लागतं, काही जोरकस श्वास, मग दहा-वीस सेकंद काहीच नाही, मग पुन्हा सुरू. पायाचे तळवे गार पडतात, गुडघ्यांवर जांभळे चट्टे दिसतात. हे सगळं आधी सांगितलेलं असेल तर घर शांत राहतं. सांगितलेलं नसेल तर रात्री दोन वाजता रुग्णवाहिका येते आणि पंचाण्णव वर्षांचे आजोबा अतिदक्षता विभागात नळ्या लावून, एकटे मरतात.

वेदना असतील तर मॉर्फीन हे औषध आहे, आणि तोंडाने घेण्याच्या गोळीत मिळतं. २०१४ साली अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, तरी डॉक्टरांचा संकोच आणि घरच्यांची "सवय लागेल" ही भीती गेलेली नाही. ज्याच्याकडे तीन आठवडे आहेत त्याला कसली सवय लागणार? साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते, दुखायला लागल्यावर द्यायची असा तिचा हिशोब नाही. बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवं. हे न दिल्यामुळे कित्येक घरांत मॉर्फीन मध्येच बंद होतं आणि दोष मॉर्फीनला जातो.

कायदाही आता माणसाच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून वैद्यकीय इच्छापत्र करता येतं. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर, डायलिसिस, कृत्रिम आहार नको, हे त्यात लिहायचं आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नाव द्यायचं. एक प्रत घरच्यांकडे, एक कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, एक महापालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ मत देतं, मग दुसरं मंडळ. दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत निर्णय द्यायचा असतो. मृत्युपत्राशी याची गल्लत करू नये. ते इस्टेटीचं असतं आणि मेल्यावर उघडतं. हे जिवंतपणी उघडायचं असतं, म्हणून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलं तर उपयोग शून्य.

आता मरणानंतरचे पहिले तास. इथे कोल्हापूरची घाई जगप्रसिद्ध म्हणावी अशी आहे. बातमी फुटल्यापासून पंधरा मिनिटांत ताटी (तिरडी) बांधायला माणसं हजर असतात. ही मदत मोठी आहे, पण मृत्यू अपेक्षित असेल, आजारातला असेल, तर पहिला तास घरच्यांचा असू द्यावा. करायचं थोडंच असतं. डोळे मिटवायचे, हनुवटीखालून पट्टी बांधायची, हातपाय सरळ करायचे, कारण दोन ते चार तासांत जबड्यापासून ताठरपणा सुरू होतो आणि मग ओढाताण करावी लागते. नेत्रदान करायचं तर सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद, मिटलेल्या डोळ्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. पेसमेकर असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्यावा, आगीत त्याची बॅटरी फुटते. परगावच्या लेकीसाठी थांबायचं तर शीत शवपेटी मागवावी. उन्हाळ्यात त्याशिवाय सहा-आठ तासांपुढे धीर धरू नये.

अंघोळ घालण्याचं काम मात्र भाड्याच्या माणसांवर किंवा गल्लीतल्या दोन अनुभवी म्हाताऱ्यांवर सोडून देऊ नये. मुस्लिम घरांत गुस्ल जवळच्यांनी द्यावं अशी रीत आहे, लिंगायत घरांत देहाला अंघोळ घालून बसत्या स्थितीत समाधी देतात. हात लावल्याशिवाय मरण खरं वाटत नाही, हे या सगळ्या रीती घडवणाऱ्यांना कुठेतरी कळलेलं होतं. लेकीसुनांना हात लावू न देणं, बायकांनी उंबऱ्यापर्यंतच यायचं, हा त्यातला टाकून देण्याजोगा भाग. आता अनेक मुली खांदा देतात, अग्नी देतात. त्यांना कुणी अडवत असेल तर त्याला शास्त्र विचारण्यापेक्षा सरळ बाजूला करावं.

पावसाळ्यात सगळंच अवघड होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदी ५५ फुटांच्या वर गेली. अशा वेळी पंचगंगा स्मशानभूमी पाण्यात जाते आणि मयत कसबा बावडा, कदमवाडी किंवा बापट कॅम्पकडे न्यावी लागते. शेणी ओल्या असतील तर चिता धुमसते, नीट जळत नाही, आणि अर्धवट जळालेलं पाहण्याचा घरच्यांना बसलेला धक्का पुढे महिनोन्महिने स्वप्नांत येतो. होळीत दिलेली शेणी पावसाआधी कोरड्या जागी थप्पी लावून ठेवणं, हे दानाइतकंच महत्त्वाचं आहे. दानाचे फोटो निघतात, थप्पीचे निघत नाहीत.

तिसऱ्या दिवशी रक्षा. तिसराच दिवस का, याला एक साधं कारणही आहे: चितेचा गाभा दिवसभर तरी तापलेला राहतो. रक्षा सावडायची, पाणी शिंपडायचं, नैवेद्य मांडायचा आणि कावळ्याची वाट पाहायची. विवेकवादी मंडळी या कावळ्यावर फार हसतात, आणि पक्ष्याला भूक लागली की तो येतो हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण कावळा येत नाही तेव्हा माणसं काय करतात ते बघण्यासारखं आहे. कुणी पुढे होऊन हात जोडून म्हणतं, "अण्णा, धाकटीचं लग्न मी करतो, काळजी करू नका." दुसरा भाऊ म्हणतो, "ते वाटणीचं भांडण मिटवतो." चार लोकांसमोर, मोठ्याने. मेलेल्या माणसाशी राहून गेलेलं बोलणं पुरं करणं ही शोकातली खरी गरज आहे, आणि तिला जागा देणारा इतका थेट क्षण दुसऱ्या कुठल्या विधीत सापडत नाही. कावळा नको असेल तर नको. बोलायची पाळी मात्र ठेवा. स्मशानभूमीच्या पायऱ्यांवर, घरच्या अंगणात, कुठेही अर्धा तास प्रत्येकाला एक वाक्य बोलू द्या. आज कावळाही जातो आणि वाक्यही जातं. घाईघाईत रक्षा नदीत, आणि गाड्या सुरू.

रक्षेचं म्हणाल तर, नदीत न सोडता शेतात किंवा झाडाला घालणारी घरं जिल्ह्यात वाढत आहेत. चांगली गोष्ट. फक्त एक चूक सर्रास होते: सगळी रक्षा रोपाच्या एकाच खड्ड्यात ओततात. राख खारी आणि अल्कधर्मी असते, रोप जळतं, आणि "बाबांचं झाड" महिन्याभरात वाळलं की घराला दुसरं मरण भोगावं लागतं. ओंजळभर रक्षा भरपूर मातीत कालवून खड्ड्यात, बाकीची बांधावर पातळ पसरून.

तिसऱ्याच दिवशी, किंवा त्याआधी ताटी उचलताना, घरातल्या विधवेवर जे केलं जायचं ते आता कोल्हापूर जिल्ह्यात निदान वादाचा विषय झालं आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाला शिक्षेचं कलम नसतं, त्यामुळे तो ताटी उचलतानाच्या पाच मिनिटांत टिकतो की नाही यावर सगळं अवलंबून. त्या पाच मिनिटांत बाई शुद्धीवर नसते आणि पुढे येणारी म्हातारी बहुधा घरचीच असते. म्हणून आजारपणातच ठरवावं, एका वयस्क बाईला नेमून ठेवावं, आणि तिने शेजारी उभं राहून "इथे हे होणार नाही" एवढंच म्हणावं. तरुण सुनेने म्हणून चालत नाही, तिचं कुणी ऐकत नाही.

इथे इंदुमती राणीसाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. १९१८ साली शाहू महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजीराव शिकारीत अपघाताने गेले. त्यांची पत्नी इंदुमती अवघी अकरा-बारा वर्षांची होती. महाराजांनी तिला कोपऱ्यात बसू दिलं नाही. सोनतळी कॅम्पवर तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. राजवाड्यातून आणि बाहेरून विरोध होत असताना. मुलगा गमावलेल्या बापाने तेव्हा स्वतःच्या दुःखाचं काय केलं असेल, याची चर्चा आपण करत नाही. महाराज गेल्याला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, ६ मे २०२२ ला सकाळी दहा वाजता, सारं कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. बसेस, रिक्षा, बाजार. एकत्र थांबता येतं या गावाला.

तिसऱ्या महिन्यात काय होतं ते आता पाहू, कारण शोकाचा खरा जोर तेव्हाच जाणवतो. पहिले दिवस सुन्नपणात आणि कागदपत्रांत जातात. मग पाहुणे थांबतात, फोन थांबतात, आणि घरातल्या माणसाला कळतं की हे कायमचं आहे. याच सुमारास भोवतालचे म्हणू लागतात, "आता सावरायला पाहिजे." १९६९ साली एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी मांडलेल्या पाच अवस्था मोबाइलवरून घरोघर पोचल्या आहेत, आणि लोक त्या इयत्तांसारख्या मोजतात: नकार झाला, राग झाला, आता स्वीकार कधी? त्या अवस्था मुळात मरणासन्न रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या, मागे राहिलेल्यांना लावायचं वेळापत्रक म्हणून नव्हे. शोक लाटांसारखा येतो. सकाळी बाई दुकानात हिशोब करते, दुपारी चपलांचं कपाट उघडून रडते. दोन्ही खरं असतं, आणि दोन्ही लागतं. सतत रडणाऱ्याला थोडं काम लागतं. सतत कामात असणाऱ्याला थोडं रडणं लागतं.

गेलेल्याची चाहूल लागणं, हाक ऐकू येणं, गर्दीत पाठमोरा तोच वाटणं, हे पुष्कळांना होतं. ते वेड नाही आणि बाहेरचंही काही नाही. त्यासाठी देवऋषाकडे नेऊ नये. धाय मोकलून रडणाऱ्या बाईला "झोपेचं इंजेक्शन द्या" म्हणणं हीसुद्धा मदत नाही. ती झोपून उठते तेव्हा ताटी गेलेली असते. उलट ज्या औषधांची खरी गरज असते ती विसरली जातात: म्हाताऱ्या जोडीदाराची रक्तदाबाची आणि साखरेची गोळी. मयतीच्या घरात तीन दिवस कुणी जेवणाच्या वेळा पाळत नाही, गोळ्या राहून जातात, आणि आठवड्यात दुसरं मरण होतं. गल्लीतल्या एकाने एवढीच जबाबदारी घ्यावी, गोळ्यांचा डबा.

डॉक्टरकडे कधी जायचं? जगण्याची इच्छा नाही असं बोलणं आलं तर त्याच दिवशी. दारू वाढली, आठवडे झोप नाही, वजन झपाट्याने उतरलं तर लगेच. आणि तीव्र ओढ रोजच्या रोज तशीच राहून रोजचं जगणंच अडून पडलं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार सहा महिन्यांनंतर आणि अमेरिकन मनोविकार नियमावलीनुसार वर्षानंतर त्याला उपचाराची गरज असलेला प्रदीर्घ शोक म्हणतात. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलतात. त्याआधीच्या दुःखाला आजार म्हणायची घाई नको. मेलेल्या माणसावर आपलं प्रेम होतं, एवढंच ते दाखवत असतं.

मुलांना आपण सगळ्यात जास्त फसवतो. "आजोबा झोपलेत" म्हटलं की चार वर्षांचं पोर झोपायला घाबरतं. "देवाघरी गेलेत" म्हटलं की ते कधी येणार विचारतं, किंवा देवावर चिडतं. "वारले. शरीर बंद पडलं. आता दुखत नाही, श्वास नाही, परत येणार नाहीत." एवढं पुरतं. परत न येणं हे साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात पुरतं उमगतं, त्यामुळे तोच प्रश्न वीसदा येणार आणि वीसदा तेच उत्तर द्यावं लागणार. मुलाला मामाच्या गावी पाठवून देऊ नये. स्मशानात यायचं का हे विचारावं, काय दिसेल ते आधी सांगावं, आणि मध्येच बाहेर नेऊ शकेल असा एक माणूस सोबत द्यावा. शाळेत वर्गशिक्षकांना कळवावं. मार्क कमी पडतील, भांडणं होतील, तेही दुःखच असतं.

कागदांचं थोडक्यात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत, आणि जिथे मृत्यू झाला तिथे: गारगोटीचा माणूस कोल्हापुरात गेला तर नोंद कोल्हापुरात. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला देणारे डॉक्टर आधीच विचारून ठेवावेत. अपघात, विष, भाजणं किंवा संशय असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन टळत नाही. नाव आधार, सातबारा आणि बँकेत जसं आहे तसंच लिहून घ्यावं, एका वेलांटीने वर्ष जातं. जमिनीच्या वारसनोंदीची माहिती तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावी. बँकेतला नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच राहतात. हे माहीत नसल्याने भावाभावांत जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रजेचा प्रश्न मात्र थोडक्यात सोडता येणार नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ नैमित्तिक रजा आहेत. आई, बाप, नवरा, बायको, मूल मेल्यासाठी वेगळी रजा नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतला कामगार चौथ्या दिवशी भट्टीसमोर उभा राहतो, सुन्न, रात्रभर न झोपलेला. अपघात कुठे होतो ते सांगायची गरज नाही. सलग तेरा दिवस मागण्यात अर्थ नाही, ते मालक देणार नाही आणि सगळ्यांना लागतीलच असंही नाही. दहा दिवसांची भरपगारी दुखवटा रजा द्यावी, पाच लगेच आणि पाच वर्षभरात हवी तेव्हा तोडून. पहिली दिवाळी, मृत माणसाचा वाढदिवस, वर्षश्राद्ध, आणि तो एक दिवस ज्या दिवशी उठवतच नाही. ऊसतोड मजुराला आणि घरकाम करणाऱ्या बाईला कायद्याची ही रजा पोचणार नाही, हे खरं आहे. त्यांच्यासाठी दुसरी वाट काढावी लागेल, पण म्हणून पहिली अडवून ठेवायचं कारण नाही.

आणि गल्ली काय करू शकते? केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचं धोरण केलं आणि पंचायतीच्या पातळीवर स्वयंसेवक उभे केले. ते घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करतात. कोल्हापुरात नवं जाळं विणायची गरज नाही. तालमी आहेत, मंडळं आहेत, महापुरात छातीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढणारी हीच पोरं आहेत. कूस कशी बदलायची, तोंड कसं ओलं ठेवायचं, घरघर म्हणजे काय, हे त्यांना शिकवायला दोन रविवार पुरतात. पुरुषांच्या शोकालाही तालमीसारखी दुसरी जागा नाही. घरी रडता न येणारा माणूस आखाड्याच्या कट्ट्यावर बसून निदान गप्प राहू शकतो.

शेणी गोळा करणाऱ्या मंडळाने एक वही घालावी. गल्लीत ज्याच्या घरी मयत झाली त्याचं नाव आणि तारीख. तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि पहिल्या सणाला दोघांनी त्या घरी जायचं. "कसं झालं, शेवटी काय त्रास झाला" हे विचारायचं नाही, "सुटले बिचारे" म्हणायचं नाही. गेलेल्याचं नाव घ्यायचं, त्याची एखादी आठवण सांगायची, आणि समोरचा बोलला तर ऐकायचं. घरच्या बाईला चहाला उठवायचं नाही. डबा आपणच न्यायचा, आणि तोही कागदी नको, स्टीलचा. म्हणजे तो परत आणायला आठ दिवसांनी पुन्हा जावं लागतं.